'रिगार्ड्स'च्या पोटातला 'वॉर्ड'

प्रश्न असा आहे: इंग्रजी पत्राच्या किंवा ईमेलच्या शेवटी 'युअर्स फेथफुली', 'युअर्स सिन्सिअरली' आणि 'रिगार्ड्स' यांतलं काय कधी लिहायचं? वरिष्ठांना 'वॉर्म रिगार्ड्स' चालतं का?

आधी 'युअर्स'मध्ये लोक घालतात तो अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, काढा. 'युअर्स'मध्ये एसच्या आधी तो नसतो, कधीच नसतो. 'अवर्स'ला लागत नाही, तसा यालाही लागत नाही. तरी अर्जांवर, नोटिशींवर, छापील नमुन्यांवरसुद्धा तो दिसतोच. शिवाय 'फेथफुली'चा एफ लहान असतो. कॅपिटल फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर.

नियम दोन ओळींचा आहे. ब्रिटिश वळणाच्या, म्हणजे आपल्याकडच्या पत्रात शेवट मायन्यावरून ठरतो. मायन्यात नाव नसेल, नुसतं 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल, तर 'फेथफुली'. 'डिअर मिस्टर कुलकर्णी' असेल तर 'सिन्सिअरली'. सरकारी कचेरीतही साध्या पत्राला पहिलं आणि अर्धशासकीय, म्हणजे अधिकाऱ्याला नावानं लिहिलेल्या, पत्राला दुसरं. अमेरिकेला लिहिताना मात्र नुसतं 'सिन्सिअरली' पुरतं.

'थँकिंग यू' आणि त्यापुढे स्वल्पविराम, हे दुसरं दुखणं. पूर्वी पत्राचा शेवट हे एक सलग वाक्य असायचं: 'थँकिंग यू, आय रिमेन, सर, युअर ओबीडिएंट सर्व्हंट'. त्यातलं 'आय रिमेन' गळालं आणि 'थँकिंग यू'ला कर्ताच उरला नाही. सरळ 'थँक यू' लिहावं, पूर्णविराम द्यावा आणि खालच्या ओळीवर यावं.

आता 'रिगार्ड्स'. ईमेलमध्ये हे सगळ्यांत बिनधोक, आणि शब्द म्हणून सगळ्यांत सुंदर. फ्रेंच 'गार्दे' म्हणजे राखणं, नजर ठेवणं. त्याला 'रि' लागून 'रगार्दे', म्हणजे निरखून पाहणं. मूळ शब्द जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला, व-कारानं सुरू होणारा. पॅरिसकडच्या फ्रेंचनं त्या 'व'चा 'ग' केला. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांच्या बोलीनं 'व' टिकवला. १०६६ साली नॉर्मन इंग्लंडात आले आणि पुढे इंग्रजीनं दोन्ही रूपं ठेवून घेतली. म्हणून 'गार्ड' आणि 'वॉर्ड', 'गार्डियन' आणि 'वॉर्डन'. आपण दुकानात एका दमात 'गॅरंटी-वॉरंटी' विचारतो, तीही अशीच जुळी. आणि 'रिगार्ड'चा जुळा भाऊ कोण? 'रिवॉर्ड'! ज्याच्याकडे लक्ष गेलं त्याला बक्षीस. हॉस्पिटलचा वॉर्ड, कपड्यांचा वॉर्डरोब, विमानातला स्टुअर्ड हे सगळे याच राखणदारांच्या कुळातले. 'लॉर्ड'सुद्धा: जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार.

पत्रलेखनाची काही मार्गदर्शक पुस्तकं 'रिगार्ड्स'ला कोरडा, घाईचा शेवट म्हणून हिणवतात. मला ते साफ अमान्य आहे. ज्या शब्दाच्या मुळाशी निरखून पाहणं आहे तो कोरडा कसा? आपली जुनी पत्रं 'कृपादृष्टी असावी' म्हणत थांबायची. तिथेही दृष्टीच आहे. 'रिस्पेक्ट'चं लॅटिन मूळही 'वळून पाहणं' असंच आहे. आदर डोळ्यांतून सुरू होतो, हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक होतं.

या खऱ्या व्युत्पत्तीकडे कुणी फिरकत नाही, आणि 'सिन्सिअर'ची खोटी मात्र व्याख्यानांतून फिरत राहते: मूर्तीतल्या भेगा मेणानं न बुजवणारा प्रामाणिक शिल्पकार, म्हणून लॅटिन 'सिने सेरा', मेणाविना. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानं ती केव्हाच अमान्य केली आहे. लॅटिन 'सिन्सेरुस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्यातला 'सिन' बहुधा 'एक' या अर्थाचा, 'सिंपल'मधल्या 'सिम'चा आणि आपल्या 'सम'चा सोयरा. इतकं चांगलं नातं असताना मेण कशाला हवं?

राहिलं 'वॉर्म रिगार्ड्स'. ओळख असेल तर वरिष्ठांनाही चालतं. पहिल्याच पत्रात 'काइंड रिगार्ड्स' किंवा नुसतं 'रिगार्ड्स'. तक्रारीच्या पत्राखाली 'वॉर्म' घालू नये, मजकूर आणि शेवट एकमेकांना खोटं पाडतात. आणि मजकुरात 'च्या संदर्भात' म्हणायचं असेल तेव्हा 'विथ रिगार्ड टू'. तिथे एस नाही. एस फक्त शेवटी, सहीच्या वर.