कधी दिसते, कधी गायब होते: जुन्या पीसीची हार्ड डिस्क

प्रश्न: घरी जुना असेंबल्ड पीसी आहे, विंडोज ७, ५०० जीबीची साटा हार्ड डिस्क. दोन-तीन दिवस नीट चालतो आणि मग एकदम अडकतो, माऊसपण हलत नाही, रिस्टार्ट केला की बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. बंद करून थोड्या वेळाने चालू केला की परत सगळं ठीक. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, फॉरमॅट मारून बघू. त्यात बाबांचे शेतीचे हिशोब आणि घरच्या लग्नांचे फोटो आहेत, मी फार घाबरलेय. — एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, फॉरमॅट कुणालाही मारू देऊ नका. डिस्क आत्ता चालतेय ना, मग आधी एक्स्टर्नल डिस्क लावून फोटो आणि हिशोब कॉपी करून घ्या, फक्त तेवढंच, विंडोज आणि सॉफ्टवेअर काय परत टाकता येतं. कॉपी व्हायच्या आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, तेपण चालवू नका, बॅड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले तुकडे) शोधायला लावलं की ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि डिस्क खरंच शेवटाला आली असेल तर राहिलेला जीव त्यातच जातो. कटकट आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

आता खरं कारण. तुमच्या वर्णनावरून मला डिस्कइतकाच, डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा आणि एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणारा डबा) संशय येतोय. पुढच्या वेळी गायब झाली की बंद करायच्या आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा मदरबोर्डचा सेटिंग स्क्रीन) जाऊन बघा, तिथे डिस्कचं नावच नसेल तर विंडोजचा काही दोष नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, वर 'गुड' दिसलं म्हणून समाधान मानू नका, खालचे आकडे बघा. तिथल्या यादीत प्रत्येक ओळीला कोड असतो: ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे अजून लटकलेले. हे वाढत असतील तर डिस्क बदलायचीच. पण ते शून्य आहेत आणि सी७ वाढतोय, तर डिस्क आणि मदरबोर्डच्या मधे डेटा बिघडतोय, म्हणजे बहुतेक वेळा केबल. सी७ चा आकडा केबल बदलल्यावरही शून्य होत नाही, त्यामुळे आजचा आकडा वहीत लिहून ठेवा आणि नवी केबल लावल्यावर तो पुढे सरकतोय का एवढंच बघा. आणि हो, रॉ व्हॅल्यू, म्हणजे त्या ओळींचे मूळ आकडे, तिथे हेक्समध्ये (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) असतात, १० दिसलं तर ते आपले १६.

नवी साटा केबल क्लिपवाली घ्या, स्वस्त असते, मदरबोर्डवरचं पोर्टपण बदला, आणि पॉवरचा कनेक्टर सैल वाटला तर एसएमपीएसचा दुसरा लावा. एवढं करूनही डिस्क गायब होत असेल तर एसएमपीएस. डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, ते ११.४ ते १२.६ मधे हवं आणि ५ व्होल्टचं ४.७५ ते ५.२५ मधे. पण क्षणभर व्होल्टेज पडलं तर साध्या मीटरवर कळत नाही, त्यापेक्षा ओळखीच्यांचा चांगला एसएमपीएस दोन-चार दिवस लावून बघणं बरं. तुमचा एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमधे करंट राहतो.

शेवटी डिस्कच गेलेली निघाली तर २.५ इंची साटा एसएसडी याच मदरबोर्डला चालेल.