हेल्पलाइनच्या नव्या सिस्टीमला पैसे कुठून?

प्रश्न : खारघरला आमच्या ट्रस्टची अँब्युलन्स हेल्पलाइन आहे. फोन सिस्टीम जुनाट, दोन कॉल एकदम आले की तिसरा एंगेज, रेकॉर्डिंग नाही. ११२ या इमर्जन्सी नंबरला निर्भया फंड (महिला सुरक्षेसाठीचा केंद्राचा निधी) मिळाला म्हणे, आम्हाला मिळेल का? – एक वाचक

उत्तर : नाही हो, तो पैसा सरकारी यंत्रणांसाठी, महापेचं ११२ चं सेंटर पोलिसांचं आहे. तुम्ही सीएसआर धरा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च; ५ कोटींवर निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के द्यावेच लागतात आणि टीटीसी एमआयडीसी (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) तर तुमच्या जवळच आहे. पण आधी १२ए, ८०जी (दोन्ही इन्कम टॅक्सच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ नंबर (कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी) काढा, २०२१ पासून त्याशिवाय चेक निघत नाही. अर्जात ट्रस्टचा इतिहास कमी लिहा (तो कुणी वाचत नाही), महिन्याला किती कॉल सुटतात ते लिहा, आणि कोटेशनमध्ये मेंटेनन्सचा खर्चही धरा.