तुमचे प्रश्न: पवनचक्की येतेय, मग जनसुनावणी कधी?

मागच्या अंकात साखर कारखान्याच्या विस्ताराच्या जनसुनावणीबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर पवनचक्क्यांवर एवढे प्रश्न आले की या वेळी दुसरं काही घेतलंच नाही. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता, म्हणून काही एकत्र केलेत.

प्रश्न: आमच्या माळावर तीस पवनचक्क्या होणार असं एजंट सांगतोय, चार-पाच जणांनी जमिनी दिल्या पण. पर्यावरणाची जनसुनावणी कुठे असते, तारीख कोण सांगतं? तलाठ्याला विचारलं तर म्हणतो माझ्याकडे काही आलेलं नाही. (एक वाचक, भूम तालुका)

तलाठी खरं बोलतोय. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठी तो तलाठीच.) त्याच्याकडे काही आलेलं नाही आणि येणारही नाही, कारण पवनचक्कीला जनसुनावणी नसतेच.

हे ऐकून बरेच जण चक्रावतात. जनसुनावणी येते १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून, त्याला एक यादी जोडलेली आहे, त्या यादीत ज्या प्रकारचा प्रकल्प आहे त्यालाच पर्यावरण मंजुरी लागते. औष्णिक वीज आहे, धरणं आणि जलविद्युत आहे, अणुऊर्जा आहे, खाणी आहेत, साखर कारखाने आहेत, पण पवनऊर्जा नाही, मग पवनचक्क्या तीस असोत की तीनशे. त्यात २०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पवनऊर्जेला 'पांढऱ्या' गटात टाकलं, म्हणजे प्रदूषण जवळपास नाही असं समजून मंडळाला फक्त कळवायचं, परवानगीच्या फेऱ्या नाहीत. धूर नाही, राख नाही, सांडपाणी नाही, तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण डोंगरावर ट्रेलर चढवायला जो रस्ता कापतात त्याला धूर नसतो म्हणून त्याची माती खालच्या ओढ्यात यायची थांबत नाही ना.

साखर कारखान्याची ती सुनावणी मी स्वतः बसून बघितलीय. मांडव, वडा-चहा, पुढच्या चार रांगांत कारखान्याचीच माणसं, आणि ज्यांच्या विहिरीला वास येतो ते मागे उभे. तरी पण तिथे ३० दिवस आधी पेपरात नोटीस येते, मराठीत सारांश मिळतो, अपर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वरचा अधिकारी समोर बसतो आणि बोललेलं सगळं कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतं. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी माईक घेऊन विहिरीचं सांगितलं ते इतिवृत्तात गेलं म्हणजे गेलं. पवनचक्कीत तुम्हाला हे एवढंसुद्धा मिळत नाही. माझं मत विचाराल तर अमुक मेगावॅटच्या वर पवनऊर्जेलाही सुनावणी हवी, निदान पश्चिम घाटात आणि गवताळ माळांवर तरी.

मग बोलायचं कुठे? जागा आहेत, पण त्या आपल्या आपण शोधाव्या लागतात. पहिलं म्हणजे जमीन कसली आहे ते काढा, सगळं त्यावर अवलंबून आहे. वनजमीन असेल तर १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते आणि तो प्रस्ताव सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर असतो, नकाशा, हेक्टर, वनाधिकाऱ्याचा शेरा, बरंच काही घरबसल्या वाचता येतं. वनहक्क कायद्यामुळे ग्रामसभेचा पण विषय येतो, ३ ऑगस्ट २००९चं केंद्राचं परिपत्रक ग्रामसभेची संमती मागतं, मात्र २०२२च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता बघायचं काम राज्य सरकारच्या अंगावर टाकलंय, त्यामुळे आता कलेक्टर ऑफिसात पाठपुरावा जास्त करावा लागतो.

भीमाशंकरचं उदाहरण ठेवा डोळ्यापुढे. खेड-मावळच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्यांबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की तिथल्या वनक्षेत्रपालाने, म्हणजे आपल्या भाषेत रेंजरने, इथे सदाहरित जंगल आहे, शेकरू आहे, परवानगी देऊ नका असा शेरा दिला होता आणि वरच्यांनी तो बाजूला सारला. पुढे रस्ते कापले, दरडी आल्या, हे सगळं त्याच अहवालात आहे. रेंजरचा शेरा कागदावर होता म्हणून तर समितीला तो सापडला! नुसता तोंडी बोलला असता तर आज आपल्याला कळलंही नसतं.

तुमच्याकडे बहुतेक खाजगी जमीन आणि गायरान असणार. कंपनी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मागायला येतेच, तिथे ग्रामसभा लावा. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, हजेरीच्या कागदावर सही करताना वर विषय काय लिहिलाय ते बघा. एका गावात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची हजेरी, झेंडावंदन करून लोक सह्या करून गेले, आणि तोच कागद नंतर ठरावाला जोडलेला निघाला. वर कोरी जागा असेल तर सही करण्याआधी पेनाने आडवी रेघ मारायची, लोक हसतील, हसू देत.

अजून एक, हे फार कमी लोकांना माहितीय. कायद्याने अभ्यास लागत नसला तरी जागतिक बँक गटाचे निकष पाळणारी परदेशी वित्तसंस्था पैसे देणार असेल तर ती कंपनीकडून पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचा अहवाल करून घेते, त्यात गावकऱ्यांशी चर्चा आणि तक्रार निवारणाची सोय असावी लागते. म्हणून कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न 'एकरी किती' हा विचारू नका, 'कर्ज कुणाचं आहे आणि अहवाल कुठे आहे' हा विचारा. सरकारी कागदासाठी माहितीचा अधिकार आहेच, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, अर्ज महाऊर्जाकडे (राज्याची नवीकरणीय ऊर्जेची संस्था) आणि कलेक्टरकडे असा दोन्हीकडे टाका.

प्रश्न: पवनचक्क्या ढग पळवतात, आमच्याकडे त्या आल्यापासून पाऊस कमी झाला. हा मुद्दा हरकतीत पहिला घ्यावा का? (एक वाचक, आटपाडी)

नका घेऊ, पहिला नको आणि शेवटचाही नको.

ही समजूत कुठून आली ते कळतं. सांगली-साताऱ्यात पवनचक्क्या वाढल्या त्या २०००च्या आसपास, आणि लगेच २००२ ते २००४ असा दुष्काळ पडला, माणूस दोन गोष्टी जोडणारच. पण ७२ला कुठे होती पवनचक्की? आटपाडी, माण, खटाव, जत हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला, आजोबा-पणजोबांपासून. आणि पावसाळ्यात पाटण तालुक्यात वनकुसवडेच्या पठारावर जाऊन या एकदा, शेकडो पवनचक्क्या आहेत, खाली कोयनेचा शिवसागर, ढग पठारावर टेकलेले असतात, त्या ढगातच पाती फिरत असतात आणि पाऊस धो धो कोसळत असतो. पावसाळी ढग खालून वर कित्येक किलोमीटर उंच, पवनचक्की दीड-दोनशे मीटर, ती काय पळवणार त्याला.

माझा राग वेगळाच आहे. हा मुद्दा अर्जात पहिला आला की साहेब हसतो आणि खालचे खरे मुद्दे वाचतच नाही. कंपनीला तर असा अर्ज हवाच असतो.

प्रश्न: पक्ष्यांचा मुद्दा खरा आहे का, का तोही ढगांसारखाच? (एक शिक्षिका, सातारा)

हा खरा, आणि याचा चांगला अभ्यास तर मॅडम तुमच्याच जिल्ह्यात झालाय. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार आहे ना, तिथे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पवनचक्क्या असलेला आणि नसलेला सडा, म्हणजे कातळाचा माथा, शेजारीशेजारी तपासला, २०१८ला तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. आणि खाणारेच कमी झाले म्हणून तिथे सरडे वाढलेले! पण ते सरडे बारीक, माणूस जवळ गेला तरी लवकर न पळणारे आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका. हा तोच सरडा, गळ्याखालचा पंखा उघडला की निळा-काळा-केशरी झळकतो, उन्हाळ्यात दगडावर बसून मिरवतो. २०१६ला त्याच्या वंशाला शास्त्रीय नावच 'सरडा' दिलंय, आपल्या मराठीवरून, आणि पुढे 'सुपर्बा'. मुलांना नक्की सांगा, खूश होतील.

म्हणजे पाती लागून पक्षी किती मेले एवढंच मोजून भागत नाही, पक्षी ती जागाच सोडून जातात, मग खालचं सगळं बदलतं. आणि पात्यांएवढंच तारांकडे बघा. माळढोक जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना वळता येत नाही पटकन, म्हणून तो तारांवर आदळतो. सुप्रीम कोर्टाने १९ एप्रिल २०२१ला राजस्थान-गुजरातमधल्या त्याच्या भागात वीजवाहिन्या जमिनीखालून घ्या असा आदेश दिला होता, मार्च २०२४ला तो सरसकट आदेश बदलून समिती नेमली. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपासच्या लोकांनी टॉवर कुठे याच्यासोबत तार कुठून जाणार हेही विचारायला हवं. तो नकाशा बहुतेक वेळा दाखवतच नाहीत.

हरकत लिहिताना 'पक्ष्यांना धोका आहे' असं मोघम नको. गावच्या जैवविविधता समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असते, २००२च्या कायद्याने, कपाटात धूळ खात पडलेली असेल, ती काढा. तारीख, वेळ, गट नंबर, काय दिसलं, किती दिसले, फोटो. भोवत्या हा शिकारी पक्षी माळावर हिवाळ्यात येतो, सर्वेवाले मे महिन्यात तीन दिवस फिरून गेले तर त्यांना तो दिसणार कसा? तुमच्या वहीत मात्र असेल.

प्रश्न: घरापासून किती लांब पाहिजे? आमची वस्ती शेतात आहे, कंपनी म्हणते गावठाण लांब आहे. (एक वाचक, केज)

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २२ ऑक्टोबर २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी राहत्या घरापासून ५०० मीटर सांगितलेत. 'राहतं घर' म्हटलंय हो, गावठाण नाही. रस्ता, रेल्वे, इमारती यांच्यासाठी वेगळं गणित आहे, खांबाची उंची अधिक पात्यांच्या चक्राचा अर्धा व्यास अधिक ५ मीटर. समजा खांब १२० मीटर, चक्र १४०, तर १२० अधिक ७० अधिक ५, झाले १९५ मीटर. या सूचना आहेत, कायद्याइतकं वजन नाही त्यांना, पण अर्जात नंबर-तारखेसकट लिहिल्या की उत्तर द्यावं लागतं.

खरी मेख तुमच्या कागदात आहे. शेतवस्तीची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला नोंद नसली की कागदोपत्री ते घरच नाही, गोठा. आधी ती नोंद आणि लाइट बिल बघून घ्या, टॉवरचे खड्डे खणायच्या आधी. आवाजासाठी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २०००च्या नियमांत आहे. मोबाइलवरचं ॲप पुरावा म्हणून चालत नाही, पण कुठल्या रात्री किती वाजता झोपमोड झाली याची वही चालते. सावलीचंही लिहा, सकाळ-संध्याकाळ पात्यांची सावली घरावरून लपलप करत जाते, ज्याच्या घरावरून जात नाही त्याला ते डोक्याला लागणं कळत नाही.

प्रश्न: इकडे म्युनिकमध्ये पवनचक्कीवर वर्षानुवर्षं वाद चालतात, आपल्याकडेही अंतराचा कडक कायदा का करत नाहीत? (एक वाचक, जर्मनी)

तुमच्या बायर्न राज्याचंच घ्या, २०१४ला उंचीच्या दहापट अंतराचा नियम आणला, २०० मीटरची पवनचक्की तर २ किलोमीटर लांब. नवीन प्रस्ताव जवळपास थांबले आणि २०२२ला तो सैल करावा लागला. आपल्याकडे इतकं नको, वीज हवीच आहे. गावाला आधी विचारलं तरी खूप झालं.

प्रश्न: मी भाडेपट्टा केलाय आधीच. आता हरकत घेता येईल का? (एक शेतकरी, नाव नको म्हणाले)

घेता येते ना, जमीन दिली म्हणून गावच्या ओढ्याबद्दल बोलायचा हक्क जात नाही. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, वादाचं कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावं लागतं, त्यामुळे तारखा लिहून ठेवा.

पण आज रात्री आधी तुमचा करार काढून वाचा. पट्टा दुसऱ्या कंपनीला विकता येईल असं कलम आहे का, रस्त्याची वेगळी जागा धरलीय का तुमच्या मोजणीतच धरलीय, आणि मुदत संपल्यावर पाया कोण काढणार. टॉवर उतरवतात, भंगाराला भाव आहे, पण खाली शेकडो घनमीटर काँक्रीट आणि सळई असते तिला कुणी हात लावत नाही. 'जमीन पूर्ववत करून देऊ' एवढंच लिहिलं असेल तर वकिलाकडून त्यात फूट घालून घ्या, किती फूट खोलीपर्यंत काढणार ते. नांगर कुठपर्यंत जातो ते तुम्हाला माहितीय, त्याच्या दुप्पट सांगा.