दत्तक घेतलेली गावठी कुत्री आठ दिवस झाले तरी पलंगाखालून बाहेर येत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. दीड-दोन वर्षांची गावठी कुत्री, वजन साधारण 15 किलो, रस्त्यावरून शेल्टरमध्ये गेली आणि तिथून आठ दिवसांपूर्वी नागपूरच्या मनीषनगरला तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. दिवसभर पलंगाखाली असते, कोणी समोर असलं की खात नाही, सगळे झोपले की वाटी रिकामी होते. गॅलरीत सू करते, रात्री रडते. घरात तुमच्या आई आणि 7 वर्षांचा मुलगा आहे. ती कधी माणसाळेल की परत द्यावी, असं तुम्ही विचारलं आहे.

परत देऊ नका. रात्री उठून ती खाते, म्हणजे भूक शाबूत आहे आणि अंधारात का होईना, घरात फिरण्याची हिंमत तिच्यात आली आहे. जाणकार ढोबळमानाने 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा हिशेब धरतात: 3 दिवसांत धक्का ओसरतो, 3 आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, 3 महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. ज्या कुत्र्याला पहिल्या तीन महिन्यांत माणसाचा हात लागलेला नसतो त्याला याहून जास्त वेळ लागतो, आणि रस्त्यावर जन्मलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं असंच असतं.

पलंगाखालून तिला ओढून काढायचं नाही, वाकून बघायचं नाही, हात घालायचा नाही. तिच्या ताब्यात असलेली ती एकच जागा आहे. ती गेली तर तिच्याकडे दात दाखवण्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही. उलट तिथे जुनी सतरंजी टाका आणि पाण्याचं भांडं पलंगापासून दोन हातांवर ठेवा. 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. घरभर टाइल्स असतील तर पलंगापासून वाटीपर्यंत आणि वाटीपासून गॅलरीच्या दारापर्यंत गोणपाट किंवा चटई अंथरा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो म्हणूनही पुष्कळ गावठी कुत्री कोपरा सोडत नाहीत, आणि लोक मात्र तिला माणसांचीच भीती वाटते असं धरून चालतात.

आता मुख्य काम, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. हातात चिकनचा तुकडा धरून तिला जवळ बोलावू नका. भुकेपोटी ती मान लांब करून येते, तुकडा घेते आणि तुकडा संपताच तिला उमगतं की आपण माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत. मग ती दचकून पळते किंवा चावा घेते. पुढच्या वेळी आधीपेक्षा लांब थांबते.

त्याऐवजी असं करा. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन वाटाण्याएवढं तोडून ठेवा, दिवसाला 50 ग्रॅम पुरे. पलंगापासून 6-7 फुटांवर जमिनीवर तिच्याकडे कूस करून बसा, नजर दुसरीकडे. एक तुकडा तिच्या आणि तुमच्या मधोमध टाका. तिने तो उचलला की दुसरा तिच्या मागे, म्हणजे तुमच्यापासून लांब टाका. हा दुसरा तुकडा फार महत्त्वाचा आहे. तो घ्यायला ती वळते, अंतर वाढतं, जिवाला हायसं वाटतं आणि ती आपल्या मर्जीने पुन्हा वळून येते. असे 20 तुकडे, 5 मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पलंगाखालून बाहेर यायला ती तयार नसेल तर पहिले काही दिवस तुकडे आत सरकवा आणि उठून जा. दोन आठवड्यांत अंतर कमी झालेलं तुम्हाला दिसेल, पण ते कमी करायचं तिने, तुम्ही पुढे सरकायचं नाही.

ती स्वतःहून येऊन हात हुंगेल तेव्हाही लगेच डोक्यावरून हात फिरवू नका. वरून येणारा हात तिने आजवर दगड मारणारा म्हणूनच पाहिला असेल. हनुवटीखाली किंवा छातीच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि थांबा. ती सरकून आणखी जवळ आली तर पुन्हा खाजवा. जागेवर ताठ झाली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला तर आजच्यापुरतं बस झालं. आणि गुरगुरली तर रागावू नका. गुरगुरणं ही तिची सूचना आहे. ती दाबली की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

मुलासाठी नियम चारच ठेवा, पण पक्के: ती पलंगाखाली असताना, खाताना आणि झोपलेली असताना हात लावायचा नाही, मिठी तर कधीच मारायची नाही. सकाळ-संध्याकाळ पाण्याचं भांडं भरायचं काम त्याच्याकडे द्या, तुकडे टाकायचा खेळ मोठं माणूस शेजारी असतानाच. तुमच्या आईंना सांगा की पोळी-दूध देऊन माया करू नका. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात, आणि भेदरलेल्या कुत्रीला जुलाब झाले की गॅलरीचा प्रश्न दुप्पट होतो.

खाण्याचं बोलायचं तर शेल्टरमध्ये जे मिळत होतं तेच पहिला आठवडा द्यायला हवं होतं. आता बदल करायचा असेल तर 7 ते 10 दिवसांत करा: आधी चौथा हिस्सा नवीन, मग अर्धं, मग पाऊण. 15 किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्रीला कोरडं खाद्य दिवसाला साधारण 230 ते 250 ग्रॅम पुरतं, दोन वेळांत वाटून. वाटी ठेवा आणि खोलीबाहेर जा, शेजारी उभं राहून आर्जवं करू नका. सावजीचा रस्सा, तर्री, कांदा-लसणाचं काहीही नको, कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नको. शिजवलेली हाडं नको, त्यांच्या टोकदार फाका होऊन आतडं फाटू शकतं. आणि बाहेर नेताना खर्र्याच्या पन्न्यांवर लक्ष ठेवा. आपल्याकडे प्रत्येक पानठेल्याभोवती त्या पडलेल्या असतात, आणि त्यातला तंबाखू कुत्र्याला विषासारखा आहे.

गॅलरीत सू करते यात तिचा दोष नाही. जन्मभर तिने मातीवर केलं आहे आणि दाराबाहेरची माती तिच्यापासून दोन मजले दूर आहे. सध्या गॅलरीतच दोन-तीन फुटांचा पसरट ट्रे ठेवा, त्यात तीन इंच माती आणि वर हरळीचा तुकडा. तिने भिजवलेला पेपरचा तुकडा पहिल्यांदा त्या मातीवर ठेवला की जागा लवकर कळते. बाकी फरशी पाणी आणि पांढरा व्हिनेगर सम प्रमाणात घेऊन पुसा. फिनाईल वापरू नका, पंजांना लागतं आणि ती पंजे चाटते. गॅलरीच्या ग्रिलमध्ये चार इंचांहून मोठी फट असेल तर तारेची जाळी बसवा. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी कुत्र्याचं वजन पेलत नाही.

खाली नेण्याची घाई नको. आधी घरातच पट्ट्याची सवय करा. गावठी कुत्र्याची मान आणि डोकं जवळजवळ सारख्याच जाडीचं असतं, मागे ओढलं की साधा पट्टा सरकन निघतो. म्हणून छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या, पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील एवढाच सैल. गळ्यात वेगळा पट्टा, त्यावर तुमच्या फोन नंबरचा बिल्ला. दोर 5-6 फुटांचा साधा, हार्नेस आणि पट्टा दोन्हीला अडकवलेला. आपोआप गुंडाळला जाणारा दोर नको. हातातून सुटला की त्याचं प्लास्टिकचं हँडल खडखडत मागे येतं आणि कुत्रं आणखी जोरात पळतं. पहिल्या दिवशी हार्नेस नुसता जमिनीवर ठेवा आणि त्यावर चिकनचे तुकडे, दुसऱ्या दिवशी अंगाला टेकवा, असं चार-पाच दिवस.

लिफ्ट आणि जिना दोन्ही तिला अनोळखी आहेत. मी जिना निवडेन, कारण लिफ्टच्या बंद डब्यात शेजाऱ्यांचं एखादं कुत्रं समोर आलं तर तिला पळायला जागा नसते. उतरताना प्रत्येक पायरीवर एक तुकडा. वेळ पहाटे 5 ते 5:30 आणि रात्री 10:30 नंतर. यामागे दोन कारणं आहेत. एक, गल्लीतली कुत्री आपल्या हद्दीत नवीन वास खपवून घेत नाहीत. ती तुमच्याकडे येऊ लागली तर पळू नका, तिला उलट्या बाजूला घेऊन शांतपणे वळा आणि जवळचे तुकडे त्यांच्याकडे फेका. दुसरं, आपलं डांबर. मे महिन्यात इथला पारा 45 च्या वर जातो आणि रस्ता सूर्य मावळल्यावरही कित्येक तास तापलेला राहतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर 7 सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ठेववली नाही तर तिच्या पंजांचंही तेच होणार.

कूलरबद्दल वेगळं लिहितो, कारण नागपुरात याच दिवसांत कूलर लागतात. ती दुसऱ्या खोलीत असताना आधी कूलरचा नुसता पंखा हळू वेगात पाच मिनिटं चालवा, त्याच वेळी तिला तुकडे द्या, मग रोज थोडा वेळ वाढवा. एकदा सवय झाली की हाच आवाज बाहेरच्या वरातींचे डीजे आणि फटाके झाकायला उपयोगी पडतो. पण लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ओल्या फरशीवर ओले पंजे आणि कूलरच्या बॉडीत उतरलेला करंट, याने माणसंही दगावतात. कूलरच्या टाकीतलं पाणी तिला पिऊ देऊ नका.

उन्हाने ती जोरजोरात धापा टाकू लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले तर तो उष्माघात समजा. कुत्र्याचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, 41 च्या वर जीव धोक्यात. आधी पाणी ओता, विशेषतः पोट, मांड्या आणि पंजांवर, पंख्याखाली धरा आणि मगच डॉक्टरकडे निघा. दुपारी नळाचं पाणी थेट ओतू नका. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या वेळी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. त्यासाठी बाथरूममध्ये एक बादली सकाळीच भरून ठेवायची सवय लावा. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता बाहेर पडत नाही.

डॉक्टरकडे तिला एकदा न्यायलाच हवं, आणि हा आठवडा योग्य आहे. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, किंवा जवळचे खाजगी डॉक्टर. शक्य असेल तर गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. शेल्टरने लसीकरणाची पुस्तिका दिली नसेल तर लसी झालेल्या नाहीत असंच धरा: रेबीजची लस आणि डिस्टेंपर-पार्व्हो या आजारांवरची एकत्र लस, दोन्ही. जंताची गोळी वजनावर, 15 दिवसांनी पुन्हा. गोचीड दिसत असोत वा नसोत, रक्ताची तपासणी करून घ्या. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात कुत्रं सुस्त, कोपऱ्यात पडून असतं, आणि घरच्यांना वाटतं ते घाबरलेलं आहे. घरी तुम्ही बघू शकता ते म्हणजे हिरड्या: गुलाबी हव्यात, फिकट पांढऱ्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी जा. गोचिडांवर महिनाभर किंवा 12 आठवडे चालणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून द्या. भिंतींच्या भेगाही बुजवा, गोचीड अंडी तिथेच घालते. आंघोळ मात्र अजून महिनाभर नको. माणसाचं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीच नको.

तिने कोणाला दात लावले आणि कातडी फाटली तर, तिला लस दिलेली असली तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल, म्हणजे नागपूरचं सरकारी रुग्णालय गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

रात्रीचं रडणं थांबवायचा साधा उपाय आहे. तिच्या खोलीत पलंगापासून लांब, जमिनीवर गादी टाकून कोणीतरी झोपा. बोलायचं नाही, बघायचं नाही. आठ-दहा दिवसांत बहुधा थांबतं. दिवसाही घरात एकटी राहायची सवय आत्तापासूनच लावा: दार लावून 30 सेकंद बाहेर, मग एक मिनिट, मग पाच. ती रडायच्या आत परत यायचं.

सगळ्यात जास्त धोका उघड्या दाराचा. दूधवाला, सिलिंडर, कुरिअर आला की तिच्या खोलीचं दार आधी लागलंच पाहिजे, ही सवय आईंना आणि मुलालाही लावा. तरीही निसटली तर मागे धावू नका, टोळी करून हाका मारू नका. घाबरलेलं कुत्रं बहुतेक वेळा जवळच नालीत, उभ्या ट्रकखाली किंवा बांधकामाच्या साइटवर दडून बसतं. तिची सतरंजी इमारतीच्या गेटपाशी ठेवा, वॉचमनला सांगून ठेवा आणि रात्री 11 नंतर व पहाटे 4 च्या सुमारास टॉर्च घेऊन एकट्यानेच फिरा. दिसली की खाली बसा, पाठ वळवा आणि रोजच्यासारखे तुकडे मागे टाकायला लागा.