कुमार कादंबरी: मित्राचं मरण कसं लिहावं?

प्रश्न : नववीतल्या दोन मित्रांवर कुमार कादंबरी लिहितो आहे. एकाला सिकलसेल (एसएस) हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, शेवटी तो जातो. बारा प्रकरणं झाली. पण वाचणारी मुलं म्हणतात, 'हा मरणार हे पहिल्याच पानावर समजलं.' काय चुकतं? – एक शिक्षक, आरमोरी तालुका

उत्तर : आजार मोघम राहिलाय. 'निस्तेज चेहरा, खोल गेलेले डोळे' एवढंच लिहिलं की हे पोर मरायलाच आणलंय हे सातवीतलंही ओळखतं. एसएसचं मूल कित्येक आठवडे सायकल दामटत फिरतं, मग एका रात्रीत पाय-पाठ अशी दुखते की चादर सहन होत नाही. रोजची हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, फॉलिक अॅसिडची गोळी, पिवळसर डोळे हे तर हवंच. पण त्याहून कामाचं म्हणजे लघवी. या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही. पोराला सारखं पाणी प्यावं लागतं आणि सारखं उठावंही लागतं. तासाला दोनदा 'सर, जाऊ?' म्हणून तो ओरडा खातो, आणि दुसरा मुद्दाम त्याच्याबरोबर हात वर करतो. मैत्री इथं दाखवा. मात्र आजारी पोरालाही खोटं बोलू द्या, गणितात कॉपी करू द्या; नुसता सोसणारा गुणी मुलगा कुणाचाच मित्र वाटत नाही.

दुखणं आपोआप उठवू नका. थंडी, कमी पाणी, ताप, अतिश्रम ही त्याची नेहमीची कारणं. तुमच्या भागात तर प्रसंग तयारच आहे : मंडईतलं, म्हणजे गावच्या जत्रेतलं, रातभर चालणारं नाटक. दोघं घरी न सांगता जातात, थंडीत जमिनीवर बसतात, ब्लँकेट एकच. पाण्याची बाटली घरीच राहते. सकाळी दुखणं, रुग्णालयात सलाईन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, छातीत दुखणं, धाप. ऑक्सिजन, रक्त चढवणं. इथून काही मुलं बरी होऊन घरी येतात, म्हणून वाचकाला शेवटपर्यंत खात्री नसते.

'मीच त्याले नेलं' हे मागे राहिलेल्याच्या मनात बसणारच. डॉक्टरांच्या एका वाक्यानं ते पुसू नका. तेरवीनंतर किमान दोन प्रकरणं लिहा. ती बाटली आता कुणाकडे आहे?

एसएस आणि एएस यांची गल्लत करू नका. एसएसला आजाराचं जनुक आईवडील दोघांकडून आलेलं असतं; एएस म्हणजे वाहक, त्याला ते एकाकडूनच आलेलं असतं. सहसा त्याला त्रास नसतो. त्याला मारू नका. आईवडील दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. संवादात 'मले-तुले', 'कायले', 'बे' येऊ द्या, निवेदनात गरज नाही.

प्रश्न : वर्गात एक एसएसची मुलगी आहे. अशी गोष्ट मोठ्यानं वाचावी का? – एक वाचक

उत्तर : तिला न विचारता नाही. पुढं सोयरीक मोडेल या भीतीनं पुष्कळ घरं आजार झाकून ठेवतात, आणि वाचताना सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतील. पुस्तक आधी तिला एकटीला द्या. ती हो म्हणाली तरी शेवटचं प्रकरण वर्गात वाचू नका.