नेमबाजीची प्रश्नोत्तरे : गोळीचा वेग मोजावा कशाने?

प्रश्न : माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. गेल्या महिन्याभरापासून तिच्या काही गोळ्या कारण नसताना खाली जात आहेत. वेग तपासून घ्या, असे कोच म्हणतात. दोन खिडक्यांमधून गोळी सोडायचे, नळीला बांधायचे आणि रडारचे असे तीन प्रकारचे क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारी यंत्रे) मिळतात. क्लबची रेंज बंदिस्त हॉलमध्ये आहे. कोणता घ्यावा? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : खरेदीआधी कागदावर एक हिशेब करून पाहावा, कारण त्याला पैसे पडत नाहीत. स्पर्धेच्या रायफलीतून पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटते, १० मीटर अंतर सुमारे ०.०६ सेकंदात कापते आणि हवेचा रोध बाजूला ठेवला तर तेवढ्या वेळात १७ मिलिमीटर खाली येते. वेग १६५ झाला तर हीच घट १८ मिलिमीटर होते, म्हणजे फरक पडतो तो १ मिलिमीटरचा. या टार्गेटवर लगतची वर्तुळे एकमेकांपासून २.५ मिलिमीटरवर असल्यामुळे १ मिलिमीटर म्हणजे ०.४ गुण, आणि आजच्या स्पर्धेत तेवढ्याने क्रमांक बदलतो. मात्र गोळ्या ४ मिलिमीटर खाली जात असतील तर केवळ वेगाने तसे व्हायला तो १५० च्या आसपास उतरलेला असावा लागेल, आणि इतकी घसरण सहसा रायफलीच्या हवेच्या सिलिंडरच्या दाबमापकावरच दिसते. म्हणून आधी सिलिंडरचा दाब, मग डायॉप्टरचे (नेम धरायच्या मागच्या छिद्राच्या साइटचे) स्क्रू आणि बेडिंग (नळी आणि यंत्रणा दस्त्यात घट्ट बसली आहे ना, ते) तपासावे.

एवढे करूनही शंका उरली तर आपल्या परिस्थितीत रडारचा क्रोनोग्राफ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खिडक्यांचा क्रोनोग्राफ सर्वांत स्वस्त पडतो आणि त्याचे तत्त्वही सोपे आहे : ठरावीक अंतरावरच्या दोन सेन्सरांवर गोळीची सावली पडते आणि मधल्या वेळेवरून वेग निघतो. अडचण उजेडाची आहे. आपल्याकडच्या विजेवर साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ती लुकलुक सेन्सरला सावलीसारखी भासते, आणि मग १७१, १६९ अशा आकड्यांनंतर एकदम ४१२ असा आकडा समोर येतो. मी स्वतः अशी एक संपूर्ण दुपार वाया घालवली आहे. इन्फ्रारेड दिव्यांची जोडणी घेतल्यास हा दोष बहुतांशी जातो, पण दुसरी गोष्ट जात नाही : हे यंत्र फायरिंग लाइनच्या पुढे ठेवावे लागते. शेजारच्या लेनमध्ये मुले सराव करत असताना कोणीही लाइनच्या पुढे पाऊल टाकू नये. प्रत्येक वेळी रेंज ऑफिसरला सर्वांचा गोळीबार थांबवायला सांगणे रोजच्या क्लबात शक्य नसते. शिवाय साइट आणि नळी यांच्या उंचीतल्या फरकाचा विसर पडला की गोळी यंत्रालाच लागते. आमच्या क्लबातल्या यंत्राच्या पुढच्या चौकटीवर असे तीन पोचे आहेत.

नळीला बांधायच्या यंत्राला उजेडाची पर्वा नसते. पण त्याच्या वजनाने नळीचे कंपन बदलते आणि गोळी दुसरीकडे लागते, त्यामुळे वेग आणि गट (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते) एकाच वेळी तपासता येत नाहीत. शिवाय त्यातली काही यंत्रे धातूची हालचाल चुंबकीय पद्धतीने ओळखतात. एवढ्याशा पेलेटसाठी ती सहज चालत नाहीत.

रडार रायफलीच्या बाजूला, लाइनच्या मागेच ठेवता येते. लॅबरडार हे यंत्र आकाराने मोठे असून गोळीचा वेग पुढच्या अंतरांवरही सांगते. गार्मिनचे २०२३ मध्ये आलेले झिरो सी१ प्रो तळहातात मावते आणि त्याची अमेरिकेतली किंमत सुमारे ६०० डॉलर होती. एका मुलीसाठी ही रक्कम मोठी आहे, पण क्लबातल्या पाच-सहा पालकांनी मिळून एक घ्यायला हरकत नाही, कारण हे यंत्र रोज लागत नाही.

मोजताना किमान १० गोळ्या सोडाव्यात आणि रात्रभर ठेवलेल्या रायफलीच्या पहिल्या गोळीचा वेग वेगळा लिहावा. तो रोजच इतर गोळ्यांपेक्षा ठळकपणे जास्त येत असेल तर रेग्युलेटरमधून (सिलिंडरमधली हवा ठरावीक दाबाने पुढे सोडणाऱ्या भागातून) हवा हळूहळू पुढे झिरपत आहे, असा संशय घ्यावा आणि रायफल दुरुस्तीला द्यावी. वेग १६८ आहे की १७२, याची चिंता करू नये. तो प्रत्येक गोळीला तोच राहतो की नाही, हे पाहावे.

प्रश्न : ५० मीटरसाठी .२२ च्या काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचा साठा) क्रोनोग्राफवरून निवडता येईल का? (एक नेमबाज, पुणे)

उत्तर : अर्धाच निवडता येईल. ५० मीटरवर सुटतानाच्या वेगातला सेकंदाला १० मीटरचा फरक गोळीला उभ्या दिशेत सात-आठ मिलिमीटर हलवतो आणि या टार्गेटवर एक वर्तुळ ८ मिलिमीटरचे असते. म्हणून ज्या लॉटच्या वेगात फार चढउतार आहे तो बाद करायला क्रोनोग्राफ उपयोगी पडतो. पण पाच गोळ्यांवरून काढलेल्या प्रमाण विचलनावर (वेग सरासरीभोवती किती पसरतो त्या आकड्यावर) विसंबू नये. तोच लॉट पुन्हा मोजला तर आकडा सहज दुप्पट किंवा निम्मा येऊ शकतो. वीस-तीस गोळ्या हव्यात. राहिलेल्या लॉटपैकी आपल्या नळीला कोणता मानवतो, हे मात्र रायफल शिकंजात घट्ट बसवून कागदावर गट पाडल्यावरच कळते. आवाजावर सुरू होणारे रडार घेतल्यास शेजारच्या लेनमधला बारही ते आपला समजू शकते, म्हणून नोंदी तिथल्या तिथे तपासाव्यात.

प्रश्न : जुन्या एअर रायफलीला परवाना लागेल का, हे वेगावरून ठरते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वेगावरून नव्हे, ऊर्जेवरून आणि नळीच्या व्यासावरून. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ऊर्जा २० ज्यूलपेक्षा किंवा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, यापेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. पेलेटचे वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि निम्मे करावे. ०.५३ ग्रॅमचे पेलेट १७० च्या वेगाने सुमारे ७.७ ज्यूल देते. तेच पेलेट २० ज्यूलला पोचायला वेग २७५ च्या आसपास असावा लागतो. जड पेलेटने हिशेब बदलतो, म्हणून वजन डब्यावर वाचून मगच आकडेमोड करावी.