‘सूर्योदयाचा प्रभाव’? छे!

प्रश्न असा आहे: फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ल आव्र बंदराच्या प्रसिद्ध चित्राला ‘सूर्योदयाचा प्रभाव’ आणि त्याच्या शैलीला, म्हणजे इम्प्रेशनिझमला, ‘प्रभाववाद’ म्हणणे बरोबर आहे का?

नाही. ‘प्रभाववाद’ हिंदीतून जसाच्या तसा उचललेला. मराठीत प्रभाव पडतो तो वक्त्याचा, नाहीतर कमी दाबाच्या पट्ट्याचा. ‘प्रभावात प्रभा आहे, म्हणजे प्रकाश आलाच’ अशी मखलाशीही हल्ली कानावर येते. प्रभाव प्र + भू पासून, प्रभा प्र + भा पासून. दोघांचे नाते उपसर्गापुरते.

चित्राचे नाव ‘इम्प्रेस्याँ, सोलेय लव्हाँ’. मधल्या स्वल्पविरामाचा ‘चा’ कुणी केला कोण जाणे! ‘सोलेय लव्हाँ’ म्हणजे उगवता सूर्य.

राहिला ‘इम्प्रेस्याँ’. लॅटिन इन + प्रेमेरे, आत दाबणे. बहुतेक जण इथे ‘मनावरचा ठसा’ म्हणून मोकळे होतात आणि खरी गंमत हुकते. फ्रेंच छापखान्यात इम्प्रेस्याँ म्हणजे छपाई. आणि रंगकामात? कॅनव्हासला किंवा भिंतीला दिलेला पहिला हात, आपले अस्तर!

आता 1874 चे पॅरिस पाहा. हे चित्र असलेले मोने आणि मंडळींचे प्रदर्शन एप्रिलात उघडले आणि 25 तारखेला ‘ल शारिव्हारी’ या विनोदी वृत्तपत्रात लुई लरुआ या समीक्षकाने त्याची टर उडवली. त्याच्या लेखातले पात्र या चित्रापुढे म्हणते की गर्भावस्थेतला वॉलपेपरसुद्धा या समुद्रचित्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो. वॉलपेपरच का? वॉलपेपर छापतात, आणि लरुआ स्वतः मुद्राचित्रकार होता. माझा तर्क असा की त्याला इम्प्रेस्याँचे तिन्ही अर्थ एकदम ऐकू आले: मनावरची छाप, कागदावरची छपाई आणि ‘अहो, हे तर नुसते अस्तर!’ कलेतिहासवाले पहिल्या अर्थावरच अडून बसतात, बसोत.

अस्तराचा मुद्दा नुसत्या कोटीपुरता नाही. जुन्या पद्धतीत गडद तपकिरी अस्तर सर्रास असे. तैलरंग वर्षानुवर्षे पारदर्शक होत जातो, खालचा गडदपणा वर येतो आणि चित्र काळवंडते. मोने आणि मंडळींनी पांढरट, फिकट राखी अस्तरे पसंत केली आणि फटकाऱ्यांच्या फटींतून ती पुष्कळदा उघडी सोडली. म्हणजे रंगाऱ्याचे इम्प्रेस्याँ पुऱ्या झालेल्या चित्रातही दिसत राहिले.

विश्वकोशाचा ‘दृक्प्रत्ययवाद’ विद्वत्तापूर्ण आहे, पण दिशा उलटी. प्रत्यय म्हणजे प्रति + इ, कशाकडे तरी जाणे. इम्प्रेशन बाहेरून आत दाबते. शिवाय ‘प्रत्यय’ म्हटले की मराठी माणसाला आधी विभक्ती आठवते. ‘ठसा’ही नको. त्याचा भाऊ ठसठशीत, आणि या 48 × 63 सेंटिमीटरच्या धुक्यात ठसठशीत म्हणावे असे नारिंगी सूर्यबिंब आणि पुढची काळपट होडी, बस्स.

त्या बिंबातही मेख आहे. चित्राचा फोटो कृष्णधवल करा, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजळपणा भोवतीच्या राखी आभाळाइतकाच आहे. वेगळा आहे तो फक्त रंग. नक्कल करणारे हमखास इथे फसतात. सूर्य म्हणजे झळाळता हवा म्हणून नारिंगीत पांढरा ढकलतात. बिंब आभाळापेक्षा उजळ होते, त्याची ती थरथर जाते आणि धुके विरते. आधी आभाळाचा राखी लावावा, नारिंगी त्याच्याशेजारी धरून डोळे किलकिले करावेत, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू लागले की मगच तो कॅनव्हासला लावावा.

मग मराठीत लिहायचे काय? ‘इम्प्रेशन, उगवता सूर्य’ आणि ‘इम्प्रेशनिझम’. रेल्वे पचवलेल्या भाषेला हे जड नाही. फक्त या चित्राला ‘प्लेन एअर’ म्हणू नका. प्लेन म्हणजे साधे नव्हे, विमान तर नव्हेच. फ्रेंच ‘प्लेनेर’, मोकळ्या हवेतले. हे चित्र मोनेने ल आव्रच्या हॉटेलच्या खिडकीतून रंगवले.